रहाटे काकूंच्या दाराचा कोयंडा

मागच्या शिमग्यात आम्ही आठ दिवस कोकणात जाऊन आलो. आल्यापासून चंदीगडच्या आमच्या मराठी मंडळात जो भेटतो तो विचारतो, "मार्चमध्ये तिकडं एवढं काय बघायला असतं? गरम होत असेल ना यार." म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. काय बघावं, काय खावं आणि काय करू नये. त्यातलं शेवटचं मी स्वतः करून बघितलेलं आहे.

मी परभणीचा. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे सांगायला मला आवडतं, म्हणून सांगतो. समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो, तोही चेन्नईत, ऑफिसच्या ट्रेनिंगला गेलो असताना. केंद्र सरकारची नोकरी, तिसरी बदली, आता चंदीगडला लागून असलेल्या झिरकपूरच्या एका फ्लॅटमध्ये सातव्या मजल्यावर राहतो. दिलेलं काम नीट करणारा माणूस अशी माझी ऑफिसात ओळख आहे, आणि ती मी जपतो.

कोकणात जाण्याचं कारण रहाटे काकू. त्यांचा मुलगा संजय हवाई दलात आहे, त्याच्या बदलीमुळे त्या चंदीगडला, सेक्टर सत्तेचाळीसमध्ये राहतात. मंडळाच्या हळदीकुंकवात माझ्या बायकोची, वर्षाची, त्यांच्याशी ओळख झाली. त्यांचं घर दापोली तालुक्यात, हर्णैपासून थोडं पुढं, समुद्राच्या बाजूला. काका गेल्यापासून घर बंद. काकूंचे गुडघे दुखतात. संजय दर वर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी बघू.

त्यांच्याकडं शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. देव आपल्या देवळात बसून राहत नाही, स्वतः तुमच्या ओटीवर येतो. घराला दार उघडं हवं, अंगण सारवलेलं हवं आणि पालखी घ्यायला माणूस हवं. बंद घरासमोर पालखी अंगणाच्या कडेला टेकते आणि पुढं जाते. काकूंचं घर दोन वर्षं बंद होतं.

"कुठं लिहिलेलं नाही," काकू मला म्हणाल्या, "पण तिसऱ्या वर्षीही बंद दिसलं की मग लोक अंगणात वळत नाहीत. वाटेवरूनच जातात. त्या घराला मोजायचंच सोडून देतात."

"काकू, आम्ही तसंही मुक्ताला समुद्र दाखवायला कुठंतरी जाणारच आहोत," मी म्हणालो. "किल्ली द्या. दार मी उघडतो."

काकूंनी किल्ली दिली, ओटी भरायला एक हिरवा खण दिला, आणि एक नारळसुद्धा दिला. कोकणात न्यायला चंदीगडहून नारळ. वर्षा हसली, तर काकू म्हणाल्या, "हसू नकोस. तो माझ्या हातचा आहे."

घर

विमान, रेल्वे, एसटी यात सांगण्यासारखं काही नाही. दापोलीत उतरलो तेव्हा पौर्णिमेची दुपार होती. आंब्याला मोहोर अन् खालच्या फांद्यांना बारक्या कैऱ्या, एकाच झाडावर दोन्ही. काजूची लाल-पिवळी बोंडं रस्त्यावर पडलेली, कुणी उचलत नव्हतं. मुक्ता माझी मुलगी, दहा वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत. म्हणाली, "पप्पा, ये फ्री में है क्या?"

गावात पोचल्यावर रिक्षावाल्याला मी रहाटे यांचा घर नंबर विचारला. चंदीगडची सवय. तो म्हणाला, "नंबर नाय वो. कुठल्या वाडीतले? कोणाच्या शेजारी?" शेजारच्या सुषमा वहिनींचं नाव घेतल्यावर त्यानं थेट अंगणात नेऊन सोडलं.

जुनं कुलूप गंजलेलं होतं. खोबरेल तेल घालून अर्ध्या तासानं उघडलं, पण पुन्हा लागेना. वहिनी म्हणाल्या, "राहू दे. इथं कोण कुलूप लावताय? नुसती कडी घाला." मला ते पटलं नाही. झिरकपूरला आम्ही कचरा टाकायला खाली गेलो तरी दोन कुलपं लावतो. दुसऱ्याच्या घराची जबाबदारी घेतलेली. दुसऱ्या दिवशी दापोलीच्या बाजारात जाऊन मी सात लिव्हरचं नवीन कुलूप आणलं. चांगलं जड. वहिनींना दाखवलं.

"बँकेला लावायचाय काय?" त्या म्हणाल्या.

घर झाडायला वर्षाला आणि मला अख्खी संध्याकाळ लागली. मंगलोरी कौलं, पुढं ओटी, म्हणजे बसायची उंच पडवी, आणि दार सागवानी. दाराची कडी ज्यात अडकते तो लोखंडी कोयंडा रहाटे काकांनी स्वतः बसवलेला, असं वहिनींनी सांगितलं. अंगण वहिनींनीच सारवून दिलं. वर्षाला सारवता येतं, पण लातूरच्या मातीची सवय. इथल्या तांबड्या मातीत शेण किती घालायचं यावर दोघींचं बराच वेळ चाललं होतं.

होळीचा होम गावात पहाटे लागला. आमच्याकडं होळीला पोरांच्या गळ्यात साखरेच्या गाठी घालतात. इथं गाठी नाहीत. सगळं गाव एकत्र ओरडतं. वयस्कर माणसंसुद्धा. नावं घेऊन एकमेकांची उणीदुणी काढतात आणि तिथंच हसून मोकळे होतात. आमच्या सोसायटीत होळी म्हणजे डीजे, गुजिया आणि दोन वाजता सगळे झोपलेले. मुक्तानं विचारलं, "इनका रंग कब शुरू होगा?" वहिनींनी सांगितलं, रंग पंचमीला, अजून चार दिवस आहेत. पोरगी खट्टू झाली.

हर्णैचा बाजार

हर्णैला संध्याकाळी होड्या येतात आणि वाळूवरच मासळीचा लिलाव होतो. हे जरूर बघा. बोली बोलणाऱ्या सगळ्या बायका. टोपल्यांच्या भोवती गोल, एकीचा आवाज दुसरीच्या वर, आणि आपल्याला कळायच्या आत माल गेलेला असतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. आम्ही किल्ल्यात गेलो नाही, भरतीमुळं होडीवाला नको म्हणाला.

लिलाव टोपल्यांचा असतो, आपल्यासारख्यांनी बाजूला बसलेल्या बायकांकडून घ्यायचं. मी चांगला मोठा, चमकणारा मासा निवडून घेतला. घासाघीससुद्धा केली. वहिनींनी पिशवी उघडली आणि माझ्याकडं बघितलं.

"मोठा बघून घेतलात. डोळे बघितलेत काय त्याचे?"

"डोळे?"

"आत गेलेत. कालचा हाय. एवढे शिकलात, कोणी सांगितला नाय?"

तो मासा मांजरानं खाल्ला. आम्हाला वहिनींनी कैरी घालून कोळंबी केली, आणि ओल्या काजूगरांची उसळ. ही उसळ वर्षात फक्त याच दिवसांत मिळते. ओले काजू सोलताना हाताला चीक लागून कातडी निघते, म्हणून वहिनी हाताला राख लावून सोलत होत्या. आपण चंदीगडला काजूकतली खातो, पण त्याच्यामागं कुणाची बोटं सोलतात हे मला माहीत नव्हतं. तांदळाची भाकरी, त्यावर ही उसळ, शेवटी सोलकढी. मी ज्वारीवर वाढलेला माणूस. चार भाकरी खाल्ल्या.

कासवं

पालखी यायची ती आमच्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी. आदल्या संध्याकाळी मी वहिनींना विचारलं, "उद्या पालखी किती वाजता येईल?"

"येईल तेव्हा येईल."

"पण अंदाजे?"

"देवाला घड्याळ नसताय, भावजी. तुम्ही घरात ऱ्हावा म्हणजे झाला."

मला असं उत्तर चालत नाही. मी वरच्या वाडीपासूनची घरं मोजली. काकूंच्या आधी अकरा. एका घराला अर्धा तास धरला. सकाळी सातला निघाली तरी साडेबारा होतात. म्हणजे सकाळ मोकळी. आणि किनाऱ्यावर सकाळी सातला कासवांची पिल्लं सोडतात, ते बघायचं मुक्ताला कबूल केलेलं होतं. वर्षा म्हणाली, "अहो, मी थांबते घरी." मी म्हणालो, "गरज नाही, नऊपर्यंत परत येऊ." ओटीचं ताट मांडून ठेवलं, खण, नारळ, तांदूळ. दाराला सात लिव्हरचं कुलूप लावलं आणि निघालो.

कासवांचं सांगतो. मादी वाळूत अंडी घालून समुद्रात निघून जाते. गावची माणसं ती अंडी उचलून किनाऱ्यावरच जाळीच्या कुंपणात पुन्हा वाळूत पुरतात, कुत्री-कोल्ह्यांपासून वाचावीत म्हणून. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. रोज येतीलच असं नाही. आमच्या आधी आलेलं एक कुटुंब दोन दिवस रिकामं परत गेलं होतं. आमच्या नशिबानं त्या दिवशी टोपलीत चोवीस होती, तळहातावर मावतील एवढी, काळपट. दोन्ही बाजूंना दोरी बांधलेली, आपण मागं उभं राहायचं, हात लावायचा नाही. पिल्लं पाण्यापासून थोडी अलीकडं सोडतात. तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. लाट येते, त्यांना उलटं मागं फेकते, ती सुलटी होऊन परत निघतात. एक पिल्लू एकसारखं डोंगराच्या दिशेनं जात होतं. तिथल्या माणसानं त्याला वळवलं.

मुक्ता श्वास धरून बघत होती. शेवटचं पिल्लू गेल्यावर म्हणाली, "पप्पा, वो अकेला गया. उसकी मम्मी को पता भी नहीं." मी दोरीवरून वाकून व्हिडिओ काढला. चांगला आलाय, मंडळात दाखवीन.

चहा घेतला, शहाळं घेतलं. किनाऱ्यावर फोनला रेंज नव्हती. चढावर रिक्षा आली तसा फोन वाजायला लागला. वहिनींचे सहा मिस्ड कॉल. तेवढ्यात सातवा.

"कुठं हाव तुम्ही? पालखी दाराशी आलीय!"

घड्याळात सव्वानऊ वाजले होते.

पालखी

माझा हिशोब कुठं चुकला ते नंतर कळलं. वरच्या वाडीतली अकरा घरं मी मोजली होती, पण त्यातली सात बंद होती. त्या घरांतले मुंबईचे लोक आलेच नव्हते. बंद घराला अर्धा तास लागत नाही. मिनिटभर टेकायचं आणि पुढं. हे मला समजायला हवं होतं. काकूंनी मला नेमकं त्यासाठीच तर पाठवलं होतं.

अंगणात पन्नास-साठ माणसं. ढोल वाजत होता. चौघांच्या खांद्यावर पालखी, आत देवीचे चांदीचे मुखवटे, झेंडूच्या माळा. वहिनींनी वाटेवर पाणी शिंपडून, निरांजन घेऊन सगळ्यांना अडवून धरलं होतं. पालखीबरोबर संकासुर असतो, म्हणजे काळा झगा, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं असं सोंग. त्याला बघून मुक्ता वर्षाच्या मागं लपली.

गावचे मानकरी तात्या पुढं आले. सत्तरीचे, धोतर, खांद्यावर उपरणं.

"तुम्ही काय ते रहाट्यांचे पाव्हणे? उघडा दार."

मी शर्टाच्या खिशात हात घातला. किल्ली नव्हती. पँटचे खिसे, वर्षाची पर्स, शहाळ्याची पिशवी, सगळं बघितलं. दोरीवरून व्हिडिओ काढायला वाकलो होतो ते आठवलं. किल्ली वाळूत गेली होती.

"दुसरी?" वर्षानं विचारलं.

नवीन कुलपाबरोबर तीन किल्ल्या येतात. उरलेल्या दोन मी नीट कागदात गुंडाळून आत फळीवर ठेवल्या होत्या. खिडकीच्या गजांतून ती पुडी दिसतसुद्धा होती.

"देवीला अशी खांद्यावर किती उभी करायची?" तात्या म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यानंच मला जास्त लागलं. "अंगणात टेकवतो आणि निघतो. अजून खालची वाडी ऱ्हायलीय."

"तात्या, पाच मिनिटं," मी म्हणालो. "चूक माझी आहे. घराची नाही."

तेवढ्यात माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. रहाटे काकू सकाळपासून चंदीगडला नऊवारी नेसून, फोन डब्याला टेकवून बसल्या होत्या. मी फोन उचलला. मागं ढोल, पुढं बंद दार. काय झालं ते मी दोन वाक्यांत सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काकूंनी चेहरा फोनजवळ आणून दार बघितलं. मग म्हणाल्या, "तोड."

पाठीमागून संजयचा आवाज आला, "आई, सागवानी चौकट आहे, बाबांनी..."

"तोड म्हणते ना, प्रकाश!"

मी दगड उचलला आणि कुलपावर घातला. सात लिव्हरच्या कुलपाला काहीही झालं नाही. दुसरा घातला, माझं बोट चेचलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "चांगला घेतलान कुलूप!" आणि सगळे हसले. मग संकासुर पुढं आला. दाढी गळ्याखाली ओढली, आतून तिशीतला एक माणूस निघाला. मुंबईत फिटरचं काम करतो, म्हणाला. "बाजूला व्हा, काका. कुलपावर मारून काय उपयोग?" वहिनींच्या गोठ्यातून पहार आणली, कोयंड्याच्या मागं घातली आणि घुंगरं वाजवत दोन हिसके दिले. चौकटीच्या लाकडाचा एक तुकडा घेऊन कोयंडा बाहेर आला. कुलपासकट तो कडीला तसाच लोंबत राहिला.

दार उघडलं.

पालखी अंगणात नाचवली, खांद्यावरून हातांवर, हातांवरून पुन्हा खांद्यावर, आणि मग ओटीवर आणून ठेवली. वर्षानं ओटी भरली. हिरवा खण, चंदीगडचा नारळ. तात्यांनी हात जोडले आणि मला विचारलं, "घराचा मागणा काय?"

मला काय माहीत? मी फोन पुढं धरला. रेंज येत-जात होती. काकूंचा चेहरा मधेच थिजायचा. त्यांनी काय काय सांगितलं त्यातलं निम्मंच पोचलं, पण शेवटचं स्पष्ट आलं. "पुढच्या वर्षी मला आण."

तात्यांनी ते मोठ्या आवाजात देवीला सांगितलं. "रहाट्यांची लक्ष्मी परमुलखात हाय, म्हाराजा. तिला पुढच्या शिमग्याला तिच्या दारात उभी कर."

"होय म्हाराजा!" सगळं अंगण म्हणालं. मीही म्हणालो. मुक्ताही म्हणाली, मराठीत.

पालखी खालच्या वाडीला गेल्यावर मी पायरीवर बसलो. बोट सुजलं होतं. वहिनींनी हळद लावली आणि पुढं घावन आणि नारळाचा रस ठेवला. मी काकूंना पुन्हा फोन लावला.

"काकू, मी सुतार बघतो. खर्च माझा. जाण्याआधी कोयंडा बसवून देतो."

"सुताराला बोलवू नकोस."

"अहो पण घर उघडं राहील."

"राहू दे. सुषमा आहे शेजारी. दार सुंभानं बांध आणि ये. आणि ऐक, तो कोयंडा टाकू नकोस. मला आणून दे."

मला वाटलं, काकांची आठवण म्हणून मागत असतील.

सेक्टर सत्तेचाळीस

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी कोयंडा वर्तमानपत्रात गुंडाळून काकूंकडं गेलो. लाकडाचा तुकडा अजून त्याला चिकटलेला होता. कुलूपही नेलं होतं, ते आता दुसऱ्या किल्लीनं मजेत उघडत होतं. काकूंनी कोयंडा हातात घेऊन बघितला आणि चहाच्या कपांच्या मधोमध टेबलावर ठेवला. मग संजयला हाक मारली.

"हे बघ."

"अरे बापरे," संजय म्हणाला. माझ्याकडं बघून, "सर, काही हरकत नाही. मी तात्यांना फोन करतो, तिथला सुतार बसवून देईल."

"कसा बसवेल?" काकू म्हणाल्या.

"म्हणजे? जसा होता तसा."

"जसा होता तसा कुणाला माहीत आहे? तुझ्या बाबांनी बसवला तेव्हा पकड धरायला मी होते. चौकटीला नवं लाकूड जोडावं लागेल. समोर बसून करून घ्यायला हवं."

"आई, तुझे गुडघे."

"गुडघे काय इथं दुखत नाहीत?"

संजय माझ्याकडं बघायला लागला. मी चहा पीत होतो.

"घर उघडं पडलंय, संजय," काकू म्हणाल्या. "सुंभानं बांधलेलं दार. पावसाच्या आधी व्हायला हवं. मे महिन्यात आंबेही असतात."

संजयनं फोन काढला आणि तिकिटं बघायला लागला. खालचा बर्थ मिळतो का ते काकू चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून बघत होत्या. मी उठलो. निघताना म्हटलं, "काकू, कुलूप ठेवून जातो. नवीन आहे. सात लिव्हरचं. तिकडं नवा कोयंडा बसला की उपयोगी पडेल."

काकूंनी कुलूप उचलून परत माझ्या हातात दिलं.

"तू झिरकपूरला लाव," त्या म्हणाल्या.